एमजीबीसाठी आठ ब्लेड फ्यूजांची नवी पेटी: खर्च वसूल, सूचनापत्रक मात्र बाजूला ठेवावे

माझ्या 1972 सालच्या एमजीबी रोडस्टरला, म्हणजे उघड्या छताच्या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारला, इंग्लंडमधल्याच एका लहान उत्पादकाची आठ ब्लेड फ्यूजांची पेटी बसवून आता तीन महिने झाले. (ब्लेड फ्यूज म्हणजे दोन चपट्या पात्यांचा, प्लास्टिकच्या आवरणातला आधुनिक फ्यूज.) किंमत सुमारे 70 पौंड. पावसात वायपर आणि हीटरचा पंखा चालू असताना ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकायचे थांबून नुसतेच मंद पेटलेले राहत, म्हणून मी या कामाला हात घातला.

ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात बनलेल्या या मोटारीच्या माझ्या गाडीतील आवृत्तीत मूळचे फ्यूज चारच आहेत. त्यांतले दोन पार्किंगच्या दिव्यांसाठी आणि एक हॉर्नसाठी व आतल्या दिव्यासाठी असतो, तर ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, वायपर, हीटरचा पंखा आणि डॅशबोर्डवरचे काटे हे सारे उरलेल्या एकाच फ्यूजच्या हिरव्या तारांवर चालते. पंख्याची मोटर अडकून तो फ्यूज उडाला, तर मागच्या गाडीला आपला ब्रेक दिसणेही त्याच क्षणी बंद होते. हेडलाइटना तर फ्यूजच नाही.

जुनी पेटी काढून उलटी केली तेव्हा खरा दोष दिसला. वरून काचेचे फ्यूज आणि पितळी चिमटे घासूनपुसून लख्ख केलेले होते. पण चिमटा आणि मागचे स्पेड टर्मिनल (तार खोचायची चपटी पट्टी) यांना जोडणाऱ्या रिव्हेटभोवती हिरवट-पांढरा थर साचला होता आणि त्या जागी प्लास्टिक तपकिरी पडले होते. सगळा भार चालू ठेवून मोजले असता बॅटरीवर 12.5 आणि हिरव्या टर्मिनलवर 11.4 व्होल्ट मिळत होते. नव्या पेटीवर तेच माप 12.2 आले. या गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या नावाने बोटे मोडण्याची प्रथा जुनी आहे, पण पन्नास वर्षे दमट हवेत राहिलेल्या रिव्हेटला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

नव्या पेटीचे खरे मोल मला सर्किटे विभागण्यात वाटते. पेटीपाशीच सुट्या होणाऱ्या हिरव्या तारा सरळ निरनिराळ्या फ्यूजांवर घेता येतात. हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या तारांच्या जुडग्याच्या, आत एकत्र झालेल्या तारांसाठी मात्र नवी तार ओढावी लागते. मी हीटरचा पंखा आणि वायपर असे वेगळे केले. हेडलाइटसाठी डाव्या-उजव्या बाजूंना स्वतंत्र फ्यूज दिला, जेणेकरून एक दिवा गेला तरी रात्री रस्ता पूर्ण अंधारात जाणार नाही.

माझी गंभीर तक्रार सूचनापत्रकाबद्दल आहे. जुन्या फ्यूजवर 35 हा आकडा असतो, म्हणून त्याच्या जागी 30 अँपिअरचा हिरवा ब्लेड फ्यूज घालावा, असे त्यात लिहिले आहे. हे चुकीचे आणि धोक्याचे आहे. लुकासच्या फ्यूजवरचे 35 अँपिअर म्हणजे तो वितळण्याचा प्रवाह. सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता 17 अँपिअरच आहे. ब्लेड फ्यूजवरच्या आकड्याचा अर्थ तसा नाही; तो वितळण्याचा प्रवाह नसून सतत वाहण्याच्या क्षमतेचा आकडा असतो. शिवाय फ्यूज हा उपकरणापेक्षा तारेच्या रक्षणासाठी असतो. पंख्यासाठी मी ओढलेली, प्रत्येकी 0.3 मिलिमीटर जाडीच्या 14 धाग्यांची तार 8.75 अँपिअरसाठी मानली जाते. तिच्यावर 10 अँपिअरचा लाल फ्यूज पुरेसा आहे, कारण 30 अँपिअरचा फ्यूज उडायच्या आत ती तारच पेट घेऊ शकते. उत्पादकाने ही ओळ तातडीने दुरुस्त करावी.

बाकी उणिवा किरकोळ आहेत. स्क्रूची छिद्रे जुन्या जागेशी जुळत नाहीत, आणि झाकण एका कोपऱ्यात नीट बसत नसल्याने मी तिथे रबराची पट्टी लावली. टर्मिनले मात्र घट्ट आहेत. स्पेड खेचून काढायला जोर लावावा लागतो, आणि जुन्या गाडीत हीच गोष्ट महत्त्वाची.

गाडी मूळ रूपात प्रदर्शनात मांडणाऱ्यांनी हा संच घेऊ नये. त्यांच्यासाठी जुन्या धाटणीची चार फ्यूजांची नवी पेटी मिळते, ती बरीच स्वस्तही पडते. फक्त बसवण्यापूर्वी प्रत्येक तारेचे स्पेड घासून स्वच्छ करावे, आणि बॅटरीची जोडणी सोडवल्याशिवाय कशालाही हात लावू नये, कारण बॅटरीकडून थेट येणाऱ्या तपकिरी तारेत चावी बंद असतानाही प्रवाह असतो.