घरच्या संगणकात नासची हार्ड डिस्क: सीगेट आयर्नवुल्फ 4 टीबी

घरी असेंबल केलेल्या संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम आणि रोजची सॉफ्टवेअर एनव्हीएमई एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान साठवणीवर) गेली की हार्ड डिस्ककडे साठवणुकीचेच काम उरते: वर्षानुवर्षांचे फोटो, व्हिडिओ आणि एसएसडीचा बॅकअप. या कामासाठी मी सीगेटच्या आयर्नवुल्फ मालिकेतील 4 टीबीची, साडेतीन इंची डिस्क निवडली. ही मालिका मुळात नाससाठी, म्हणजे नेटवर्कवर अहोरात्र चालू राहणाऱ्या साठवण-यंत्रांसाठी बनवलेली आहे. साध्या डेस्कटॉपमध्ये ती कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि त्याचे उत्तर सीएमआर या तीन अक्षरांत आहे.

हार्ड डिस्कच्या तबकडीवर माहिती वर्तुळाकार ट्रॅकवर लिहिली जाते. सीएमआर पद्धतीत हे ट्रॅक एकमेकांपासून सुटे असतात, त्यामुळे कोणताही ट्रॅक शेजाऱ्याला धक्का न लावता पुन्हा लिहिता येतो. एसएमआर पद्धतीत छपरावरच्या कौलांप्रमाणे प्रत्येक ट्रॅकची कड शेजारच्या ट्रॅकवर चढवलेली असते. तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावते, पण मधला एक ट्रॅक बदलायचा झाल्यास त्याच्या पुढचे ट्रॅकही नव्याने लिहावे लागतात. हे काम डिस्क आपल्या सवडीने करते आणि तोवर आलेली माहिती एका राखीव भागात ठेवते, म्हणून थोडे थोडे लिहिणाऱ्याला काहीच जाणवत नाही. मात्र शेकडो जीबींचा बॅकअप एका दमात ओतला की तो राखीव भाग भरतो आणि लिहिण्याचा वेग असा कोसळतो की डिस्क बिघडली की काय, अशी शंका यावी.

अडचण अशी की हा फरक खोक्यावरच्या ठळक आकड्यांतून कळत नाही. सीगेटच्याच बाराकुडा मालिकेतील 4 टीबीची डिस्क एसएमआर आहे. तिच्यावर 5400 आरपीएम (तबकडीचे मिनिटाला फेरे) आणि 256 एमबी कॅशे (डिस्कमधली तात्पुरती स्मृती) लिहिलेले असते, आणि आयर्नवुल्फच्या सध्याच्या 4 टीबी मॉडेलवरही नेमके तेच आकडे असतात. जास्त कॅशे पाहून खरेदी करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण आयर्नवुल्फच्या आधीच्या 4 टीबी मॉडेलला 64 एमबीच कॅशे होती आणि तरी ते सीएमआर होते. 2020 साली वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले, तेव्हा नासधारकांत बराच गदारोळ झाला. पुढे त्या कंपनीने सीएमआर डिस्कसाठी रेड प्लस हे वेगळे नाव काढले. तात्पर्य, मालिकेच्या नावावर विसंबू नये; पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाच्या तपशीलपत्रात लेखनपद्धत कोणती, ते पाहावे.

वेगाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. तबकडीच्या बाहेरच्या कडेला सेकंदाला दोनशे एमबींच्या आसपास आणि आत जाऊ तसा जवळजवळ निम्मा वेग, हे या वर्गातील डिस्कचे सर्वसाधारण चित्र आहे. डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटाचा सेकंदाला 6 गिगाबिटचा मार्ग याच्या कितीतरी पुढे असल्याने पोर्ट नवे की जुने, याची चिंता करू नये.

बसवण्याच्या कामात खरा वेळ पोर्ट निवडण्यात जातो. पुष्कळ मदरबोर्डवर एसएसडी बसवण्याचा एम.2 चा एखादा स्लॉट आणि एक-दोन साटा पोर्ट एकच मार्ग वाटून घेतात; त्या स्लॉटमध्ये एसएसडी असेल, तर ते पोर्ट बंद राहतात आणि नवीकोरी डिस्क बायॉसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगांत) दिसतच नाही. मदरबोर्डच्या पुस्तिकेतला हा तक्ता केबल लावण्यापूर्वी वाचलेला बरा. वीजपुरवठ्याची केबल एसएमपीएसबरोबर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीबरोबर, आलेलीच वापरावी. मॉड्युलर (केबली सुट्या करता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबलींचे डिस्ककडचे टोक सगळीकडे सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही बदलते, आणि उसनी केबल डिस्क एका क्षणात जाळू शकते. मोलेक्स या जुन्या वीज-जोडणीवरून साटा करणारे साच्यात ओतलेले स्वस्त अडॅप्टरही टाळावेत, कारण त्यांच्या आत तारा एकमेकींना भिडून आग लागल्याची उदाहरणे आहेत.

माझ्या कॅबिनेटमधील डिस्कच्या ट्रेला रबरी वॉशर आहेत. त्यांच्यासाठी लांब मानेचे वेगळे स्क्रू येतात. ते रबर किंचित दबेल इतकेच आवळायचे, कारण पूर्ण कसले की रबर चिरडते आणि तबकडीची थरथर थेट पत्र्यात उतरते. एसएसडीचे बारीक एम3 स्क्रू साडेतीन इंची डिस्कच्या भोकात धरत नाहीत, तिला जाड आट्यांचे 6-32 स्क्रू लागतात. डिस्कच्या अंगावर 'हे छिद्र झाकू नये' अशी सूचना असेल, तर त्यावर टेप किंवा फोमचा तुकडा येणार नाही, हेही पाहावे. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब समान राखण्यासाठी ते छिद्र असते.

विंडोजमध्ये डिस्क इनिशियलाइज (पहिल्यांदा वापरासाठी तयार) करताना विभागणीच्या दोन पद्धतींपैकी जीपीटी निवडावे, कारण जुन्या एमबीआरमध्ये सुमारे 2 टीबींपलीकडची जागा वापरताच येत नाही. नंतर 4 टीबीऐवजी 3.63 दिसले, तर फसवणूक झाली असे समजू नये; उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज 1024 च्या. क्विक फॉरमॅटचा मोह टाळून पूर्ण फॉरमॅट रात्रभर चालू द्यावे, म्हणजे प्रत्येक सेक्टरवर (डिस्कच्या लहानात लहान कप्प्यावर) एकदा लिहिले जाते. त्यानंतर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या) आणि पेंडिंग (संशयित) सेक्टरांचे आकडे शून्य आहेत का, ते पाहावे. नव्या डिस्कवर यातला एकही आकडा शून्यापेक्षा जास्त असेल, तर ती बदलून घ्यावी. चालू राहिलेल्या तासांचा आकडाही तिथेच दिसतो, आणि नवी म्हणून आलेली डिस्क खरोखर नवी आहे का, याचा त्यातून बराच अंदाज येतो.

नासची डिस्क डेस्कटॉपमध्ये वापरण्याला एक उणी बाजू आहे. एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर नासची डिस्क काही सेकंदांतच प्रयत्न सोडून त्रुटी कळवते, कारण अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या रेड (RAID) पद्धतीत ती माहिती दुसऱ्या डिस्कवरून भरून काढता येते. एकट्या डिस्कला असा आधार नसतो. तिने चिकाटीने वाचत राहिलेले अधिक सोयीचे. माझ्या मते एसएमआरच्या त्रासापुढे हा तोटा लहान आहे, मात्र तो गृहीत धरून महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत अन्यत्र ठेवायलाच हवी. तीन वर्षांच्या वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, फोटो नव्हे.

ज्यांना वर्षातून दोनदा फोटो टाकून ठेवायचे आहेत आणि एरवी केवळ पाहायचे आहेत, त्यांना एसएमआर डिस्कही पुरेल. त्यांनी आयर्नवुल्फसाठी जास्त पैसे मोजू नयेत. दर आठवड्याला मोठे बॅकअप घेणाऱ्यांनी आणि व्हिडिओच्या जड फाइली सतत बदलणाऱ्यांनी मात्र ती अवश्य घ्यावी. कोणत्याही फिरत्या डिस्कप्रमाणे हिचेही वाचणारे-लिहिणारे हेड हलताना खरखर ऐकू येते, त्यामुळे संगणक झोपण्याच्या खोलीत असेल, तर पॉवर प्लॅनमध्ये वापर नसताना डिस्क थांबण्याची वेळ वीस मिनिटांवर ठेवावी. त्याहून कमी ठेवल्यास डिस्क सारखी थांबते व सुरू होते, आणि प्रत्येक वेळी फाइल उघडायला काही सेकंद ताटकळावे लागते.