कूलरचे पैसे मोजले आणि मिळाला तो फुकटचा

नाशिकमध्ये लहान आकाराचा गेमिंग संगणक जोडून घेण्याचा विचार कोणी करत असेल, तर पैसे देण्यापूर्वी माझा अनुभव वाचावा. तक्रार अजून पूर्ण मिटलेली नसल्यामुळे दुकानाचे नाव येथे देत नाही.

इंदिरानगरमधील आमच्या दोन खोल्यांच्या घरात टेबलावर मोठा कॅबिनेट मावत नाही, म्हणून गेल्या दिवाळीत मी सुमारे अकरा लिटर आकारमानाच्या कॅबिनेटमध्ये संगणक जोडून घेतला. प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ५ ७६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६० आणि १७ सेंटीमीटर चौरस असा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड. या प्रकारच्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून बसतात, थंड हवा तळातून आत येते आणि तापलेली हवा वरच्या जाळीतून बाहेर पडते. माझ्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसरवरच्या कूलरला, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या पाती-पंख्याच्या भागाला, जेमतेम ६० मिलिमीटर उंचीची जागा होती. दुकानदाराने स्वतःहून सुचवले की, ४७ मिलिमीटर उंचीचा, चार हीट पाइप (उष्णता पात्यांपर्यंत वाहून नेणाऱ्या नळ्या) असलेला कूलर घ्यावा आणि तळाशी १५ मिलिमीटर जाडीचे दोन पंखे बसवावेत. कूलरचे ४,२०० आणि पंख्यांचे २,६०० रुपये बिलात वेगळे लिहिले गेले. सल्ला अगदी बरोबर होता, हे मला आजही मान्य आहे, आणि त्यामुळेच पुढे शंका यायला इतका वेळ लागला.

संगणक हातात आला तो स्क्रू आवळून, पूर्ण बंद करून. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाची खोकी मिळाली, बाकीची मात्र मिळाली नाहीत. "सर, रिकामी खोकी घरात कुठे ठेवणार? वॉरंटीला बिल पुरतं," असे सांगण्यात आले आणि मीही मान डोलावली. वास्तविक रायझन ५ ७६०० खोक्यासह घेतला, तर त्यातच कंपनीचा रेथ स्टेल्थ नावाचा साधा कूलर मिळतो. ७६००एक्स या त्याच्या जवळच्या मॉडेलच्या खोक्यात तो नसतो. खोके घरी आले असते, तर तो कूलर कुठे गेला, हा प्रश्न मला त्याच दिवशी पडला असता.

जानेवारीत, खोलीचे तापमान २० अंश असताना, खेळ सुरू केल्यावर प्रोसेसर ८८ अंशांवर जात असल्याचे एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये दिसले. मी दुर्लक्ष केले. मे महिन्यात आकडा ९५ वर जाऊन तिथेच खिळला, चित्र अडखळू लागले आणि ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकणारा प्रोसेसर त्याहून बऱ्याच खालच्या वेगावर घुटमळू लागला. भर उन्हात स्कूटरवर पायांमध्ये कॅबिनेट ठेवून मी दुकानात गेलो. तिथे मिळालेले उत्तर असे होते: "एएमडीचा हा प्रोसेसर ९५ पर्यंत जातोच, कंपनीनेच तसं सांगितलंय. त्यात नाशिकचा मे महिना. पेस्ट बदलून एअरफ्लो सेट करून देतो." पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायचा, उष्णता वाहून नेणारा लेप; तो बदलायला कूलर काढावा लागतो. त्याचे १,८०० रुपये घेतले गेले.

या उत्तरातील तापमानाबद्दलचे प्रत्येक वाक्य सुटे घेतले, तर खरे आहे, आणि फसवणूक नेमकी तिथेच दडली होती. ९५ अंश ही या प्रोसेसरची कमाल मर्यादा आहे, तिथे पोहोचला की तो वेग कमी करून स्वतःला सांभाळतो आणि त्यामुळे तो जळत नाही. पण ६५ वॉटचा म्हणून विकला जाणारा हा प्रोसेसर फार तर ८८ वॉटपर्यंत वीज घेतो, खेळताना त्याहूनही कमी, आणि एवढ्या भारासाठी चार हीट पाइपचा कूलर तोकडा पडायला नको. उन्हाळ्याच्या सबबीचे उत्तर तर माझ्या जानेवारीच्या आकड्यातच होते. तेव्हा प्रोसेसर खोलीपेक्षा ६८ अंशांनी अधिक तापत होता. मेमध्ये खोली ३५ अंशांवर असताना तोच फरक धरला तर बेरीज १०३ होते, म्हणजे प्रोसेसर मर्यादेला धडकणारच. दोष ऋतूचा नव्हता, त्या ६८ अंशांचा होता. हे गणित मला दुकानात उभे असताना सुचले नाही, याची रुखरुख अजून आहे.

जुलैमध्ये अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा राहायला आला. त्याने कॅबिनेट दोन पाटांवर ठेवला, देवघरातून उदबत्ती आणली आणि ती पेटवून तळाशी धरली. डाव्या अर्ध्या भागाकडे धूर आत न शिरता कडेने सरळ वर गेला. उजवीकडे तो आत ओढला जाण्याऐवजी बाहेर ढकलला जात होता. "मामा, इथे पंखाच नाहीये, आणि हा दुसरा उलटा आहे," तो म्हणाला. धूळ अडवणारी जाळी काढल्यावर डावीकडे नुसते भोक दिसले. मोटरला धरून ठेवणाऱ्या काड्या पंख्याच्या ज्या बाजूला असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. आमच्या एकुलत्या पंख्याच्या त्या काड्या खाली, टेबलाकडे होत्या. अनेक पंख्यांच्या चौकटीवर हवेची दिशा दाखवणारा बाणही असतो.

नंतर बाजूची पट्टी उघडली. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा गोल कूलर होता, हीट पाइप एकही नव्हता आणि पंख्याच्या प्लास्टिकच्या कड्यावर एएमडीची अक्षरे होती. खोक्यात फुकट येणारा कूलर मला ४,२०० रुपयांना विकला गेला होता. कूलरच्या चारही स्क्रूंच्या खाचांत दिवाळीपासूनची धूळ घट्ट बसलेली होती. स्क्रूड्रायव्हर लागला असता, तर ती तशी राहिलीच नसती. म्हणजे मेमध्ये पेस्ट बदललेलीच नव्हती. भाच्याने कशालाही हात लावण्यापूर्वी प्रत्येक गोष्टीचा फोटो बिल शेजारी ठेवून काढला, आणि पुढे तेच फोटो उपयोगी पडले.

दुकानात आधी "दुकानातल्या मुलाकडून चुकून झालं असेल" असे सांगितले गेले, मग "तुम्हीच बदलला असेल" असे. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि दुकानाला लेखी नोटीस पाठवली, तेव्हा कूलरचे ४,२०० रुपये परत आले. पंख्यांचे आणि त्या न केलेल्या कामाचे मिळून ४,४०० रुपये अजून आलेले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही, म्हणून तो अर्ज तयार करून ठेवला आहे.

नवा कूलर दुसरीकडून घेतला आणि समोर उभे राहून बसवून घेतला. पंखेही दोन्ही नवे, वर हवा फेकणारे. आता खोली २८ अंशांवर असताना तोच खेळ ७४ अंशांवर चालतो, म्हणजे ६८ चा फरक ४६ वर आला आहे. जुना कूलर आणि तो उलटा पंखा पुरावा म्हणून मदरबोर्डच्या खोक्यात ठेवला आहे.