ओपनरॉकेट: उंच उडणाऱ्या रॉकेटचा फुकट आणि बऱ्यापैकी खरा हिशेब

रॉकेटची मोटर, म्हणजे इंधन भरलेलं इंजिन, पाच-सहा सेकंदांत जळून संपते आणि त्यानंतर अर्धा मिनिट रॉकेट नुसत्या मिळालेल्या वेगावर चढत राहतं. रॉकेटचं उड्डाण संगणकावर करून दाखवणाऱ्या ‘ओपनरॉकेट’ या प्रोग्राममध्ये उंची, वेग आणि हवेचा दाब या तीन रेघा एकाच आलेखावर काढल्या की हे डोळ्यांसमोर उलगडतं. सहा किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्म्याहून कमी झालेला असतो. दहा किलोमीटरवर घनता एक तृतीयांश उरते, तिसावर जेमतेम दीड टक्का. खालच्या दाट हवेतून रॉकेट एकदा सुटलं की पुढे त्याला अडवणारं फारसं काही नसतं. नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटातून मे २००४ मध्ये हौशी मंडळींचं ‘गोफास्ट’ १०० किलोमीटरच्या पलीकडे गेलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचं ‘आफ्टरशॉक २’ १४३ किलोमीटरपर्यंत पोचलं, ते याच भौतिकशास्त्राच्या जोरावर. लॅपटॉपवर बसून ते समजून घ्यायला ओपनरॉकेटइतकं चांगलं दुसरं साधन नाही.

साम्पो निस्कानेन यांनी २००९ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी हा प्रोग्राम लिहिला. तो मुक्तस्रोत आहे, पूर्ण फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. इन्स्टॉलरमध्ये जावा सोबतच येतं, वेगळं घ्यावं लागत नाही. उतरवल्यावर सर्वात आधी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन सगळी एककं मेट्रिक करून टाका. फूट आणि मीटरची सरमिसळ पुढे फार महागात पडते.

काम तीन टॅबमध्ये चालतं. पहिल्यात नोज कोन (पुढचं टोक), बॉडी ट्यूब (मुख्य नळी), फिन्स (मागचे पंख), सेंटरिंग रिंग (आतली नळी मधोमध धरणारं कडं), पॅराशूट असे भाग एकेक करून रचायचे. दुसऱ्यात मोटर निवडायची आणि तिसऱ्यात उड्डाण चालवायचं. मोटरचे वर्ग इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. यादीत अक्षर एका घराने पुढे सरकलं की एकूण आवेगाची (जोर गुणिले वेळ) कमाल मर्यादा दुप्पट होते. एम वर्गाची मोटर म्हणजे ५१२० ते १०२४० न्यूटन-सेकंद. प्रत्येक मोटरचा थ्रस्टचा (ढकलण्याच्या जोराचा) आलेख आत दिलेलाच आहे. चित्रात निळं चिन्ह म्हणजे गुरुत्वमध्य आणि लाल म्हणजे दाबकेंद्र, हवेचा एकूण जोर जिथे लागतो तो बिंदू. निळं चिन्ह नोजच्या बाजूला, म्हणजे लाल चिन्हाच्या पुढे, निदान एक कॅलिबर असायला हवं. एक कॅलिबर म्हणजे रॉकेटच्या एका व्यासाइतकं अंतर. दीड ते दोन असेल तर उत्तम. त्याहून फार वाढवलं की रॉकेट वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवतं आणि उंची गमावतं.

इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. पडद्यावरचा हा कॅलिबरचा आकडा मॅक ०.३ साठीचा, म्हणजे ध्वनिवेगाच्या ०.३ पट वेगासाठीचा असतो. वेग ध्वनीच्या बराच पुढे गेला की फिन्सची पकड कमी होते आणि दाबकेंद्र पुढे सरकतं. म्हणून मॅक २ च्या आसपास जाणाऱ्या रॉकेटसाठी स्थिरतेचा आलेख पूर्ण उड्डाणभर काढून बघावा. जमिनीवरचा एकच आकडा बघून समाधान मानू नये.

अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा वजनात. प्रोग्राम नळीचं आणि प्लायवूडचं वजन घनतेवरून काढतो, पण इपॉक्सी (चिकटवायचा गोंद), रंग, स्क्रू, बॅटरी आणि वायरिंग हे सगळं आपण सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. म्हणून रॉकेट बांधून झाल्यावर मोटर न घालता, पॅराशूट आणि इलेक्ट्रॉनिक्ससह ते काट्यावर ठेवा. मग दोरीला आडवं टांगून तोल कुठे साधतो ते नोजच्या टोकापासून मोजा. हे दोन्ही आकडे स्टेजच्या ‘ओव्हरराइड’ टॅबमध्ये भरा आणि खालच्या सर्व भागांना ते लागू होईल असं टिक करा. मोटरचं वजन प्रोग्राम स्वतः धरतो. ते त्यात मिळवलं तर दोनदा मोजलं जातं, आणि ही चूक सर्रास होते.

दुसरी लबाडी पृष्ठभागाची. फिनिशच्या यादीत ‘पॉलिश्ड’ म्हणजे २ मायक्रॉन आणि साधा रंग म्हणजे ६० मायक्रॉन. पॉलिश्ड निवडलं की उंची झटक्यात वाढते आणि मन सुखावतं, पण स्प्रे कॅनने रंगवलेलं रॉकेट तसं नसतं. फिन्सचा छेद मुळात चौकोनी धरलेला असतो. कडा खरोखर घासून गोल केल्या असतील तरच तो बदला.

उड्डाणाच्या मूळ सेटिंगवरही विसंबू नका. लाँच रॉडची, म्हणजे सुटताना रॉकेटला सरळ धरणाऱ्या दांड्याची लांबी मुळात १ मीटर धरलेली आहे. मोठं रॉकेट ३ ते ५ मीटरच्या रेलवरून सुटतं. रेल सोडतानाचा वेग सेकंदाला १५ मीटरच्या खाली असेल तर मोटर बदला किंवा रेल लांब घ्या, कारण त्याखाली फिन्सना पुरेशी हवा मिळत नाही. जागेची उंची शून्य धरलेली असते. ब्लॅक रॉकचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११९० मीटरवर आहे. तिथे हवा जवळपास ११ टक्के विरळ असल्याने हा आकडा भरल्याशिवाय निकालाला अर्थ नाही.

पॅराशूटचा भाग मात्र अतिशय उत्तम जमला आहे. समजा, सहा किलोमीटरवर मोठं पॅराशूट उघडलं आणि रॉकेट सेकंदाला ६ मीटरने उतरू लागलं. खाली यायला १००० सेकंद लागतील आणि सेकंदाला ५ मीटरच्या वाऱ्यात ते ५ किलोमीटर दूर जाऊन पडेल. त्याऐवजी शिखरावर ड्रोग, म्हणजे छोटं पॅराशूट, उघडून २५ मीटरच्या वेगाने ३०० मीटरपर्यंत आणलं आणि मग मोठं उघडलं, तर उतरायला एकूण २७८ सेकंद लागतात आणि वहावत जाणं १.४ किलोमीटरवर येतं. यासाठी ड्रोगच्या डिप्लॉयमेंटमध्ये ‘अपोजी’ (शिखर) निवडायचं आणि मुख्य पॅराशूटमध्ये ‘उतरताना ठरावीक उंचीवर’ हा पर्याय घ्यायचा. मुळात दोन्ही मोटरच्या इजेक्शन चार्जवर (पॅराशूट बाहेर ढकलणाऱ्या छोट्या स्फोटावर) लावलेली असतात. ते तसंच राहिलं तर पॅराशूट भलत्याच वेगाला उघडल्याचं दिसतं आणि इशारा येतो. असे इशारे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वाऱ्याची बाजू जुन्या आवृत्त्यांत कच्ची होती, जमिनीपासून शिखरापर्यंत एकच वारा. २४.१२ या आवृत्तीत उंचीनुसार वेगवेगळे थर भरता येतात. दहा किलोमीटरवर जेट स्ट्रीमचा वारा जमिनीवरच्यापेक्षा कित्येक पटींनी जोरात असू शकतो, तेव्हा उंच उड्डाणासाठी हे थर भरायलाच हवेत.

आता उणिवा. ध्वनिवेगाच्या वर, विशेषतः मॅक दीडच्या पुढे, ड्रॅगचे, म्हणजे हवेच्या रोधाचे, आकडे विश्वासाचे राहत नाहीत. मूळ सूत्रं जेम्स बॅरोमन यांची, साठच्या दशकातली, आणि ती कमी वेगासाठी व हवेच्या प्रवाहाशी रॉकेटच्या लहान कोनांसाठी आहेत. जलद रॉकेटसाठी रॅसएरो २ हा दुसरा फुकट प्रोग्राम सोबत चालवावा आणि दोन्हींत मोठा फरक आला तर कारण शोधावं. फिन्स थरथरून फाटतात, त्या फ्लटरचा हिशेबही ओपनरॉकेट मांडून देत नाही. पडद्यावर सुरेख दिसणारी पातळ फिन प्रत्यक्षात मॅक १.५ ला तुटू शकते. तो हिशेब वेगळा करावाच लागतो. हवेच्या घर्षणाने नोज आणि फिन्सच्या कडा तापतात, इपॉक्सी मऊ पडतं, हेही इथे कुठे दिसणार नाही.

भारतात आराखडा आणि सिम्युलेशन करायला कुणाची परवानगी लागत नाही. मोटर मात्र स्फोटकांच्या कायद्याखाली येते. घरी इंधन शिजवायचा विचारही करू नका. कॉलेजच्या टीमने अधिकृत स्पर्धा आणि मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच उड्डाण करावं.

शेवटी एक रिकामी जागा. भाषांच्या यादीत मराठी नाही. भाषेच्या फाइल्स साध्या मजकुराच्या असतात, प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही त्या भरता येतील. एखाद्या विज्ञान मंडळाने किंवा कॉलेजच्या गटाने हे काम अंगावर घेतलं तर आठवी-नववीतल्या मुलांना रॉकेटचे भाग बदलून गुरुत्वमध्य आणि दाबकेंद्र कसे सरकतात ते बघता येईल.