रात्रीच्या पेटक्यांसाठी मॅग्नेशियम ग्लायसिनेट : तीन महिन्यांचा अनुभव

रात्री दोन-अडीचच्या सुमारास पोटरीत पेटका येतो, पाऊल आपोआप खाली ताणले जाते आणि पोटरी दगडासारखी घट्ट होते. साठी ओलांडल्यावर सुरू झालेल्या या त्रासासाठी मी एका कंपनीच्या मॅग्नेशियम ग्लायसिनेटच्या गोळ्या रोज रात्री जेवणानंतर दोन याप्रमाणे तीन महिने घेतल्या.

बाटलीच्या दर्शनी भागावर २००० मि.ग्रॅ. असा ठळक आकडा आहे. प्रत्यक्ष मॅग्नेशियम मात्र दोन गोळ्यांत मिळून सुमारे २८० मि.ग्रॅ. आहे आणि हे मागच्या बाजूला इतक्या बारीक अक्षरांत छापले आहे की, मला भिंग घ्यावे लागले. या क्षारात मॅग्नेशियमचा वाटा वजनाच्या १४ टक्क्यांच्या आसपासच असतो, त्यामुळे छापलेले काही खोटे नाही. पण केवळ दर्शनी आकडे पाहून दोन बाटल्यांची तुलना करणारा ग्राहक हमखास फसतो. हे मला अजिबात पटले नाही.

पोटाला मात्र या गोळ्या सोसल्या. पूर्वी घेतलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्वस्त गोळ्यांनी जुलाब होत असत. तो त्रास या वेळी एकदाही झाला नाही.

आता मुख्य प्रश्न पेटक्यांचा. पेटका आला की सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारायची, असा नेम मी ठेवला होता. गोळ्या सुरू करण्यापूर्वीच्या महिन्यात नऊ फुल्या होत्या. पहिल्या महिन्यात आठ, दुसऱ्या महिन्यात पुन्हा नऊ. तिसऱ्या महिन्यात त्या चारवर आल्या, पण त्याच महिन्यात मी झोपण्यापूर्वी भिंतीला तळवे टेकवून, टाचा जमिनीवरून न उचलता पुढे झुकून पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम सुरू केला होता. पुढे गोळ्या बंद केल्या, व्यायाम चालू ठेवला, आणि फुल्या चारच राहिल्या. उतारवयातील पेटके मॅग्नेशियमने जाणवण्याइतके कमी होण्याची शक्यता फारशी नाही, असाच निष्कर्ष कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यातही आहे.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या मुळीच घेऊ नयेत, कारण जास्तीचे मॅग्नेशियम शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडच करते. थायरॉइडची गोळी चालू असल्यास दोन्हींमध्ये किमान चार तासांचे अंतर हवे. माझ्या पत्नीला हे औषधाच्या दुकानातील फार्मासिस्टने आवर्जून सांगितले, बाटलीवर मात्र त्याचा उल्लेख नाही. रक्ततपासणीत मॅग्नेशियम कमी आढळले असेल, तर पोटाला सोसणारा प्रकार म्हणून मी ग्लायसिनेटच सुचवेन. केवळ पेटक्यांसाठी चौथी बाटली मी आणलेली नाही.