मधल्या नावामागचे घर : वंशावळ शोधून देणाऱ्या एका सेवेचा अनुभव

आमच्या जिल्हा न्यायालयातील वकील संघाच्या वाचनालयात मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ स्कूलमधून एल्‌एल.बी. झालेल्या पहिल्या पिढीविषयी एक भिंतफलक लावावा, असे गेल्या वर्षी ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. नुसती नावे आणि छायाचित्रे आम्हांला नको होती. ही मुले कोणत्या घरांतून आली, वडील काय करीत, मूळ गाव कोणते, हे त्यावर यावे अशी माझी इच्छा होती. त्यासाठी घराण्यांची माहिती शोधून पुस्तिका करून देणाऱ्या एका लहान संस्थेची सेवा मी घेतली. तिच्या काही चुकाही पुढे सांगणार असल्यामुळे नाव देत नाही. चार घराण्यांसाठी साडेचार हजार रुपये आणि सहा आठवड्यांची मुदत ठरली होती. प्रत्यक्षात पुस्तिका हाती यायला दहा आठवडे लागले.

लॉ स्कूलची स्थापना 1855 ची, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या आधी दोन वर्षे आणि उच्च न्यायालयाच्या आधी सात वर्षे. सुरुवातीच्या पदवीधरांच्या यादीत आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव असले, तरी त्यापलीकडे घराचा पत्ता लागत नाही. या सेवेची खरी कसोटी इथेच होती आणि इथेच तिचे सर्वांत चांगले काम मला दिसले. 1866 साली एल्‌एल.बी. झालेल्या महादेव गोविंद रानडे यांच्या पानावर वडील गोविंदराव निफाडला मामलेदार कचेरीत कारकून होते आणि पुढे कोल्हापूर संस्थानाच्या नोकरीत गेले, हे दोन नेमक्या वाक्यांत सांगितले होते. शिवाय माहिती कोणत्या चरित्रातून घेतली तेही समासात नोंदवले होते. पानाच्या कडेला निफाड ते कोल्हापूर असा एक साधा नकाशा होता. बदलीच्या नोकरीमागे फिरणारे घर त्या रेघेत जितके स्पष्ट दिसते, तितके ते परिच्छेदभर मजकुरातही दिसले नसते.

काशीनाथ त्रिंबक तेलंग यांच्या बाबतीत मात्र पहिल्या मसुद्यात गंभीर चूक होती. यादीतील मधल्या नावावर विसंबून त्रिंबक यांना सरळ जन्मदाते वडील ठरवले होते. वास्तविक तेलंगांना त्यांच्या काकांनी दत्तक घेतले होते आणि त्रिंबक हे त्या काकांचे नाव. ज्या काळात दत्तक घेणे ही घराघरांतील गोष्ट होती, त्या काळाची वंशावळ लिहिणाऱ्याने प्रत्येक मधल्या नावापाशी थांबून पाहिले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. मी कळवल्यावर संस्थेने वाद न घालता आठवडाभरात पान बदलून दिले आणि उरलेल्या तिन्ही नावांचीही त्या दृष्टीने पुन्हा तपासणी केली, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

दुसरी हरकत अर्थ लावण्याविषयीची होती. 1879 साली एल्‌एल.बी. झालेल्या बाळ गंगाधर टिळकांच्या पानावर ‘कोकणातील खोत घराणे’ एवढाच मथळा होता. चिखलगावची खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करण्याचा वंशपरंपरागत हक्क, खोटी नव्हे. पण वडील गंगाधरपंत रत्नागिरीत शिक्षक होते, पुढे शिक्षणखात्यात बढती मिळून पुण्याला आले आणि 1872 मध्ये, मुलगा सोळा वर्षांचा असताना, वारले. मुलाच्या शिक्षणाची वाट ज्या घरातून निघाली ते शिक्षकाचे आणि पुस्तकांचे घर होते. खोत म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे वाडा आणि धान्याची कोठारे उभी राहतात आणि या माणसाची घडण चुकीच्या जागी शोधली जाते.

पुस्तिकेतील बॅरिस्टरांची जोडपुरवणी मी मागितलेली नव्हती, तरी ती मला फार मोलाची वाटली. बद्रुद्दीन तय्यबजी 1867 साली लंडनच्या मिडल टेंपल या बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थेतून आणि फिरोजशहा मेहता 1868 साली तिथल्याच लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. दोघेही व्यापारी घरांतले. लंडनचा खर्च पेलणारे, किंवा शिष्यवृत्तीच्या बळावर तिथवर पोहोचणारे, वेगळे. आणि कारकुनाच्या किंवा मास्तराच्या पगारात मुंबईतच पदवी घेणारे वेगळे. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे मुंबई शहरातील दावे थेट दाखल होत तिथे, बॅरिस्टरांचा वावर आणि खालच्या न्यायालयांवरील अपिले चालणाऱ्या अपील शाखेत आपल्या वकिलांची गर्दी, ही विभागणी घरांच्या या फरकाशेजारी ठेवून वाचली की एरवी कोरडा वाटणारा न्यायालयीन इतिहास जिवंत होतो. तेलंगांनी 1872 मध्ये ॲडव्होकेट होऊन, म्हणजे मूळ शाखेतही उभे राहण्याचा हक्क मिळवून, ती भिंत ओलांडली, हे या पुरवणीत आवर्जून सांगितले आहे.

होन्नावरला जन्मलेले आणि 1881 मध्ये कायद्याची पदवी घेतलेले नारायण गणेश चंदावरकर यांचे पान सर्वांत त्रोटक निघाले. होन्नावर ज्यात येते तो उत्तर कानडा जिल्हा 1862 मध्ये मुंबई इलाख्याला जोडला गेला, ही त्या मुलाच्या मुंबईच्या वाटेवरची महत्त्वाची गोष्ट तिथे एका ओळीत यायला हवी होती. छपाई सुबक आहे, कागद जाड आहे, पण अनुस्वारांच्या चुका बऱ्याच राहिल्या असून फलकावर मजकूर चढवण्यापूर्वी मला दोन संध्याकाळी मुद्रिते तपासण्यात घालवाव्या लागल्या.

ज्यांना आपल्या घराण्याचे किंवा संस्थेचे असे काम करून घ्यायचे असेल त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी; मात्र प्रत्येक विधानामागचा आधार लेखी मागावा, पहिला मसुदा स्वतः वाचावा आणि मुदतीत दीड महिन्याची भर धरूनच कार्यक्रमाची तारीख ठरवावी. आमचा फलक लागल्यानंतर एका तरुण वकील भगिनीने विचारले की, यात आयांची नावे कुठे आहेत. यादीत ती नव्हती, पुस्तिकेतही नव्हती आणि मलाही ती मागण्याचे सुचले नव्हते. तेवढ्यासाठी मी त्याच संस्थेला दुसरे काम दिले असून रानडे यांच्या आई गोपिकाबाई आणि टिळकांच्या आई पार्वतीबाई ही दोन नावे फलकावर चढली आहेत.