कॅमेरा आपला, खाते दुसऱ्याचे

घरात वाय-फाय कॅमेरा बसवल्यावर तो चालवणाऱ्या मोबाइल ॲपमधील मूळ खाते कोणाच्या नावावर उघडले आहे, हे सर्वांत आधी तपासावे, यासाठी हा अनुभव लिहीत आहे. कोल्हापुरात एकट्या राहणाऱ्या आईसाठी आम्ही दारात आणि दिवाणखान्यात कॅमेरे बसवून घेतले. बसवणाऱ्याने नोंदणी स्वतःच्या मोबाइलवरून केली आणि आम्हाला केवळ 'शेअर' केलेले दृश्य दिले. चित्र दिसत होते, आवाज येत होता. त्यामुळे शंका घेण्याचे कारणच नव्हते.

वर्ष सरताच जुने चित्रीकरण दिसेनासे झाले आणि 'क्लाउडचे' (चित्रीकरण इंटरनेटवर साठवण्याच्या सेवेचे) 'वार्षिक शुल्क' म्हणून त्याने स्वतःच्या यूपीआयवर चार हजार रुपये मागून घेतले. पुढे कंपनीच्या मदत केंद्राकडून कळले, की हे शुल्क ऐच्छिक आहे, मेमरी कार्डवर चित्रीकरण विनामूल्य होते आणि आमची परवानगी मूळ खातेदारानेच कमी केली होती. कॅमेरा रीसेट करूनही उपयोग झाला नाही, कारण असे अनेक कॅमेरे पहिल्या खात्याशी जखडलेले असतात आणि त्या खात्यातून काढल्याशिवाय दुसरीकडे जोडले जात नाहीत. बिल पाठवल्यावर कंपनीने ती जोडणी तोडली.

पैसे गेल्याचे दुःख त्यामानाने थोडे आहे. आई कधी झोपते, कधी बाहेर जाते, फोनवर डॉक्टरांशी काय बोलते, हे सारे एक परका माणूस वर्षभर पाहू-ऐकू शकत होता, आणि त्याने ते पाहिले की नाही, हे आम्हाला कधीच कळणार नाही. 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिलांच्या तपासणीचे चित्रीकरण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले, तेव्हा अटक झालेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. त्यामुळे ही भीती मला काल्पनिक वाटत नाही.

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सरकारने आता सुरक्षा-चाचणी बंधनकारक केली आहे आणि ते योग्यच आहे. परंतु खातेच दुसऱ्याच्या हाती असेल, तर त्या चाचणीने हा धोका टळत नाही. म्हणून नोंदणी आपल्याच मोबाइल क्रमांकावर, आपल्यासमोर करून घ्यावी, पासवर्ड स्वतः टाकावा आणि ॲपमधील 'शेअर'ची यादी उघडून तेथे अनोळखी नाव नाही ना, हे पाहावे. बसवणारा टाळाटाळ करू लागला, तर काम तेथेच थांबवावे. पैसे गेले असल्यास 1930 या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. बिल, कॅमेऱ्याचा अनुक्रमांक आणि यूपीआयची पावती जपून ठेवावी.