कुंडी शिमग्याआधी बदलावी की मिरगावर?

‘हिवाळ्यात झाडाच्या मुळांना हात लावू नका’ हा सल्ला बर्फ पडणाऱ्या देशांतला. पणजीत फेब्रुवारीची रात्रसुद्धा वीस अंशांच्या आसपास असते. आंबा मोहरलेला असतो, आणि दिवाणखान्यातल्या मनीप्लांटलाही कोवळं पान फुटू लागलेलं असतं. म्हणजे शिमग्याआधीचे हे दिवस कुंडी बदलायला चालतात. तरी आपल्याकडे बरेच जण पहिल्या पावसाची वाट बघतात, आणि त्यातही तथ्य आहे.

आधी गरज आहे का ते बघा. आदल्या दिवशी पाणी घालून दुसऱ्या दिवशी कुंडी आडवी करा, झाड अलगद बाहेर येतं. मुळं चुंबळीसारखी गोल गुंडाळलेली असली तर जागा संपली. माती मोकळी दिसली तर झाड तसंच परत ठेवा, विषय मिटला.

घराच्या आत राहणारी झाडं, म्हणजे स्नेक प्लांट, झेडझेड, पीस लिली, अरेका पाम, माझ्या मते शिमग्याआधीच नव्या कुंडीत हलवावीत. कारण उजेड. जुलैत खिडकीशीही दिवसभर अंधारून असतं, हवा ओलीगच्च, माती आठ-आठ दिवस सुकत नाही. कुंडी बदलताना थोडी मुळं तुटतातच, आणि अशा चिखलात ती कुजतात. फेब्रुवारीत ऊन भरपूर, माती वेळेवर सुकते, मेच्या उकाड्याआधी मुळं रुजतात. मात्र पहिले दोन-तीन आठवडे पाण्याकडे लक्ष हवं. रोज पाणी ओतायचं असं नाही. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं. तेवढी सवड नसेल तर सरळ थांबा.

बाल्कनीतली जास्वंद, क्रोटन यांना मात्र मिरगच बरा. छाटलेल्या फांद्या मातीत खोचल्या की पावसात सहज मुळं धरतात, एकाची चार झाडं होतात, वर पाणी घालायचा व्याप नाही. फेब्रुवारीत हीच झाडं हलवली तर एप्रिलच्या उन्हात त्यांना सांभाळत बसावं लागतं. ऑर्किडचं वेगळंच: फुलांवर असताना हात लावू नका, फुलं झडून नवी मुळं दिसली की बघा.

कधीही बदला, नवी कुंडी दोनच इंच मोठी घ्या. ‘एकदाच मोठी घेऊन टाकू’ म्हणणारेच झाडं जास्त मारतात, कारण जादा माती ओलीच राहते. नुसती तांबडी माती भरू नका, सुकली की ती दगड होते. तिच्यात कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळा. आठवडाभर झाड सावलीत ठेवा. वरून आणखी खत महिनाभर नाही, पानं कितीही मलूल दिसली तरी.